‘असतं तर’चा आजचा भाव

जबलपूरच्या सराफ्यात खंत कोणी लपवून ठेवत नाही. कमानिया गेटच्या आसपासच्या गल्ल्यांतून चालत गेलं की दर दोन-चार दुकानांआड कोणीतरी काउंटरवर कोपर टेकून म्हणत असतं, तेव्हा घेऊन ठेवलं असतं तर! २००० साली दहा ग्रॅम सोनं साडेचार हजारांच्या आत-बाहेर मिळत होतं, २०२५ मध्ये त्यानं लाखाचा आकडा ओलांडला. मधल्या पंचवीस वर्षांत ज्यांनी घेतलं नाही ते हळहळतात. ज्यांनी घेतलं ते आणखी घेतलं नाही म्हणून हळहळतात. अशा बाजारात एका पेढीच्या माडीवर, इंग्रजीत इच्छा आणि खंत कशी शिकवावी यावरून एक सासरा आणि सून वाद घालतात, हे मला तरी जागेला साजेसं वाटलं.

नाना हिंदी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे वडील १९५६ साली नागपूरहून हायकोर्टाच्या दप्तराबरोबर इथे आले. सून नागपूरचीच, सराफ्यातल्या मुलांसाठी ती माडीवर इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते. दोघांचं भांडण म्हणजे काय, तर नाना ‘तू’ म्हणून रागावतात आणि ती ‘तुम्ही’ म्हणून ऐकत नाही. मी मधे बसून चहा पीत होतो.

नाना : फळ्यावर हे काय? ‘आय विश आय हॅव अ बाइक’?

सून : एका मुलानं लिहिलंय. मुद्दामच पुसलं नाही.

नाना : चूक पुसायची असते, जपायची नसते. अगं, नियम एका ओळीचा आहे. ‘विश’ आलं की काळ एक पायरी खाली. आजची इच्छा असेल तर साधा भूतकाळ, ‘आय विश आय हॅड’. गेल्या गोष्टीची खंत असेल तर पूर्ण भूतकाळ, ‘आय विश आय हॅड बॉट’. रेन-मार्टिनमधून आम्ही हेच शिकलो, हेच शिकवलं, पोरं पास झाली.

सून : पास झाली हे खरं. पण त्यांतला एक तरी हे वाक्य आपणहून बोलतो का? तो मुलगा मला विचारतो, मॅडम, बाइक मला आज हवी आहे, मग ‘हॅड’ कशाला? त्याचं काय चुकलं?

नाना : ‘कशाला’ला व्याकरणात उत्तर नसतं. तसं असतं, म्हणून तसं लिहायचं.

(रेन-मार्टिन हे व्याकरणाचं पुस्तक म्हणजे भारतातल्या तीन-चार पिढ्यांचं इंग्रजीचं सोवळं आहे. त्यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. घरदार सोडून परक्या फौजेत भरती झालेल्या तरुणांची ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी त्यांचीच, १९२४ सालची. म्हणजे पश्चात्तापाचा धंदा त्यांना दोन्ही बाजूंनी ठाऊक होता. पण व्याकरणाच्या पुस्तकात त्यांनी त्यातलं काही सांडू दिलं नाही.)

सून : उत्तर आहे, नाना. खाली दुकानात आहे. जरा कान द्या.

खाली एक बाई आल्या होत्या. चपला काढून गादीच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, भैया, एक अंगूठी देखनी थी.

सून : अंगठी कधी बघायची आहे त्यांना? गेल्या वर्षी?

नाना : आत्ता.

सून : मग ‘थी’ कशाला? मराठीत तरी आपण काय म्हणतो? ‘एक अंगठी बघायची होती.’ ‘जरा विचारायचं होतं.’ ‘मोड द्यायची होती, काय भाव लावाल?’ सगळं काम आत्ताचं आणि क्रियापद भूतकाळी. अंगठी दाखवा असं तोंडावर म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून बोलणारा एक पाऊल मागे सरतो. इंग्रजही तेच करतो, ‘आय वॉन्टेड टु आस्क’. काळ मागे जातच नाही. मागे सरतो तो माणूस. ‘आय विश आय हॅड’मधलं ‘हॅड’ याच घरचं आहे. बाइक आपल्या हातात नाही, आपण तिच्यापासून लांब उभे आहोत, एवढंच ते सांगतं.

नाना : छान. पण त्या बाईंना अंगठी दिसणार आहे, आणि त्या पोराला बाइक मिळणार नाही. एक अदब झाली, दुसरा अभाव झाला. दोन्हींची एकच मोळी कशी बांधतेस?

सून : मोळी मी नाही बांधली, भाषेनं बांधली. समोरच्या माणसापासून लांब सरलात तर अदब, वस्तुस्थितीपासून लांब सरलात तर इच्छा. सरण्याची रीत एकच. मुलाला एवढं कळलं की ‘हॅड’ला तो भूतकाळ समजत नाही, आणि मग चुकतही नाही.

इथे माझा कौल सुनेला. भूतकाळ हे नाव त्या रूपाला व्याकरणकारांनी दिलं. त्या रूपानं फक्त भूतकाळाचीच चाकरी करावी असा करार कुठे झालेला नाही. नाना मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत.

नाना : आता माझं ऐक. इथल्या आपल्या मराठी पोरांची खरी अडचण तुला नागपूरवरून आल्यामुळे दिसत नाही. घरात मराठी, शाळेत हिंदी, पेपर इंग्रजीचा. हिंदीत म्हणतात, ‘काश मेरे पास बाइक होती.’ मराठीत पाहिजे ‘असती’. पण पोरगं हिंदीतलं ‘होती’ उचलून मराठीत ठेवतं आणि म्हणतं, ‘माझ्याकडे बाइक होती तर मजा आली असती.’ माझ्या नातवानंच परवा हे केलं. मराठीत ‘होती’ म्हणजे काल होती, आज विकली! हिंदीतली ‘होती’ आणि मराठीतली ‘होती’ दिसायला जुळ्या बहिणी, पण इथे एकीचं काम दुसरी करत नाही.

सून : मग त्याला रागावलात ना?

नाना : रागावणारच.

सून : आणि इंग्रजीत ‘हॅड’ लाव म्हणून सांगितलंत. म्हणजे मराठीत ज्यासाठी ओरडा खाल्ला, इंग्रजीत त्याच्यासाठीच मार्क. ‘हॅड’ म्हणजे सरळ ‘होती’च की! मराठीकडे या कामासाठी ‘असता, असती, असतं’ असं वेगळं रूप आहे, संकेतार्थ म्हणून आपण ते शाळेत शिकतो. इंग्रजीकडे तसं वेगळं काही उरलं नाही, म्हणून ती भूतकाळाकडून काम भागवून घेते. हे त्याला सांगितलं असतं तर तो दोन्ही भाषांत सुधारला असता.

नाना : आता तूच म्हणालीस, ‘सांगितलं असतं तर सुधारला असता’. कधी? मी परवा सांगायला हवं होतं असं म्हणतेस, की आज सांगितलं तर सुधारेल असं?

सून : परवाचं म्हणतेय.

नाना : वाक्यावरून कळलं नाही. मागचं बोलणं माहीत होतं म्हणून कळलं. हीच माझी मेख. मराठीत म्हण, ‘पैसे असते तर सोनं घेतलं असतं.’ हे कोणत्या दिवसाचं? आज खिसा रिकामा आहे म्हणून आज घेत नाही असंही होईल, आणि वीस वर्षांपूर्वी खिसा रिकामा होता म्हणून तेव्हा राहिलं असंही होईल. वाक्य तेच, एक अक्षर बदलत नाही. इंग्रजी हे चालू देत नाही. आजचं असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय गोल्ड’. तेव्हाचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट गोल्ड’. ‘हॅड हॅड’ला पोरं हसतात, हसू देत. पण इंग्रजी खंतीवर तारीख टाकून घेते. मुनीम आहे ती. तारीख नसलेली पावती फाडत नाही.

सून थोडी थांबली. मला वाटतं हा नानांचा त्या दिवसाचा सर्वांत चांगला मुद्दा होता. मराठी माणसाच्या इंग्रजीत ‘इफ आय हॅड मनी, आय वुड हॅव बॉट’ असं अर्धं आजचं आणि अर्धं कालचं वाक्य वारंवार भेटतं, त्याचं मूळ इथे आहे. आपण चुकतो ते नियम पाठ नसतो म्हणून नाही. तारखेचा प्रश्न आपल्या भाषेनं आपल्याला कधी विचारलेलाच नसतो.

सून : मान्य. पण मुनिमाच्या वहीत सराफ्याचं खरं वाक्य बसतं का ते बघा. इथे लोक काय म्हणतात? तेव्हा घेतलं असतं तर आज मजेत असतो. पहिलं अर्धं वीस वर्षांपूर्वीचं, दुसरं आजचं. ‘इफ आय हॅड बॉट गोल्ड देन, आय वुड बी रिच नाउ.’ तुम्ही फळ्यावर ‘इफ’च्या वाक्यांचे तीन खाने आखता, पहिला, दुसरा, तिसरा. हे वाक्य तिसऱ्या खान्यात पाय ठेवून दुसऱ्यात डोकं काढतं. मुलं खाने पाठ करतात आणि नेमकं हेच वाक्य त्यांना जमत नाही, जे त्यांच्या बापाच्या तोंडी रोज असतं.

नाना : खाने आखले म्हणून तर कळलं की पाय कुठे आणि डोकं कुठे.

सून : बरं, मग ‘शुड हॅव’ कोणत्या खान्यात?

नाना : ते निराळं प्रकरण. ते सांगायचं तर १९६३ सांगावं लागेल.

आणि त्यांनी ते सांगितलं. त्या वर्षी जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. बावीस कॅरटवर हात बसलेला कारागीर एका दिवसात अडाणी ठरला. १९६८ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला, आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. नानांच्या लहानपणी गल्लीत ठोकणीचा आवाज सकाळपासून असे. त्या दिवसांत तो थांबला आणि मोठी माणसं दारात बसून राहिली, हे त्यांना अजून आठवतं.

नाना : आमच्या शेजारी एक म्हातारे सोनार होते. ते सरकारला शिव्या देत, ‘असं करायला नको होतं.’ आणि रात्री स्वतःशी म्हणत, ‘मी पोराला या धंद्यात घालायला नको होतं.’ मराठीत दोन्हीकडे ‘नको होतं’. इंग्रजीत पहिलं ‘दे शुड नॉट हॅव डन इट’. त्यात दोष देणं आहे. दुसऱ्याला मी ‘आय विश आय हॅडन्ट’ म्हणेन. त्यात दोष कोणाला नाही, नुसतं जळणं आहे. स्वतःला दोष द्यायचा असेल तर तिथेही ‘शुड’ येतं, पण ते म्हातारे दोष देत नव्हते. हा फरक शिकवायचा तर नियम लागतो, सूनबाई.

सून : नियम कशाला? ही गोष्ट लागते. तुम्ही वर्गात कधी सांगितलीत?

नाना : नाही. अभ्यासक्रमात नव्हती.

मग बोलणं वळलं ते जबलपूरच्या ठेवणीतल्या दुःखाकडे. इथल्या कुठल्याही बैठकीत ते वळतंच. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना मध्य प्रदेश मोडला. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरचं राजधानीपण संपलं. नव्या मध्य प्रदेशाच्या राजधानीसाठी जबलपूरचं नाव आघाडीवर होतं, पण मान मिळाला भोपाळला. जबलपूरच्या वाट्याला हायकोर्ट आलं. नागपूरला मुख्य न्यायाधीश असलेले हिदायतुल्ला इथले पहिले मुख्य न्यायाधीश झाले, आणि त्यांच्या मागोमाग दप्तरं, कारकून आणि नानांचे वडील.

नाना : ‘आय विश जबलपूर हॅड बिकम द कॅपिटल.’ घे, पूर्ण भूतकाळ. झालं ते झालं, शिक्का बसला.

सून : आमचं वेगळं आहे. ‘आय विश नागपूर वेअर स्टिल द कॅपिटल.’ तुम्हाला मिळालीच नाही. आमच्याकडे होती आणि गेली. तरी आमची इच्छा साध्या भूतकाळात. म्हणजे आजची, चालू.

नाना : गेली कशी? १९५३ च्या नागपूर करारानं हिवाळी अधिवेशन मिळालं की तुम्हाला. डिसेंबरात थोडे दिवस संत्री आणि मंत्री.

सून : म्हणून तर चालू आहे. दरवर्षी आठवण करून देतात.

नाना : मग मला सांग, स्वतंत्र विदर्भाला ‘आय होप’ लावायचं की ‘आय विश’? फाजल अली आयोगानं तर १९५५ मध्येच शिफारस केली होती. होण्यासारखं असेल तर ‘होप’ आणि वर्तमानकाळ. होणार नसेल तर ‘विश’ आणि भूतकाळ.

सून : ते मी सांगितलं तर माहेरी जायची पंचाईत होईल.

मला हे प्रकरण या विषयाचा गाभा वाटतं. ‘होप’ आणि ‘विश’ यांतली निवड करताना बोलणारा नकळत मत देऊन बसतो. मराठीत ‘विदर्भ वेगळा व्हावा’ म्हणून सुटता येतं. विध्यर्थात आशाही राहते, निराशाही राहते, आणि दोन्ही गटांच्या सभेला जाता येतं. इंग्रजी वाक्य क्रियापदापाशी आलं की हिशेब दाखवावा लागतो.

सून : अजून एक आहे, नाना. ‘आय विश यू वुड लिसन.’

नाना : व्याकरण बरोबर. रोख चुकीचा.

सून : का चुकीचा? समोरच्याच्या सवयीबद्दल तक्रार असली की ‘वुड’. पाऊस थांबत नाही, शेजारी गाणी बंद करत नाही, सासरे ऐकत नाहीत. स्वतःबद्दल मात्र ‘आय विश आय वुड’ म्हणत नाहीत, कारण आपलं वागणं आपल्या हातात आहे असं इंग्रजी धरून चालते. तिथे ‘आय विश आय कुड’.

नाना : हे रेन-मार्टिनमध्ये इतकं उलगडून नाही.

सून : म्हणूनच सांगितलं.

‘रिग्रेट’वर दोघांनी फार वेळ घालवला नाही, कारण तिथे मतभेद थोडा होता. ‘आय रिग्रेट सेलिंग द गोल्ड’ म्हणजे सोनं मोडलं आणि आता पस्तावलो. ‘वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ म्हणजे ‘कळवण्यास खेद होतो’. यापुढे जे वाचायचं आहे ते वाईट आहे. पहिल्यात मागे बघायचं, दुसऱ्यात पुढच्या ओळीकडे. नानांना दुसऱ्याचं कौतुक. सुनेच्या मते ते लिहिणाऱ्याला खेद कधीच झालेला नसतो, आणि पुरावा म्हणून तिनं रेल्वे काढली. जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय, त्यामुळे शहराचे कान सरावलेले आहेत. हिंदी घोषणेत निदान ‘हमें’ खेद असतो. इंग्रजी घोषणेत गैरसोय ‘इज रिग्रेटेड’. कोणाकडून, ते गाडीसारखंच कळत नाही.

नाना : बरं, एवढं सगळं सोड. तू नागपूरला शाळेत निबंध लिहिलेस ना? कल्पनाप्रधान?

सून : पुष्कळ. ‘मी पक्षी झालो तर’, ‘परीक्षा नसत्या तर’, ‘सूर्य उगवला नाही तर’.

नाना : आम्ही इथे लिहिलं, ‘यदि मैं प्रधानमंत्री होता’. बघ आता. हिंदीतला ‘होता’ सांगतो की मी पंतप्रधान नाही. इंग्रजी ‘इफ आय वेअर अ बर्ड’, तेही सांगतं की पक्षी नाही. आणि मराठी म्हणते ‘झालो तर’! जणू पुढच्या सोमवारी व्हायचंच आहे. ढिलाई कुठली!

सून : त्याला मी ढिलाई नाही म्हणत. चौथीतल्या मुलाला पक्षी होण्याची वाट मोकळी ठेवली, बिघडलं काय? आणि परीक्षांच्या बाबतीत मराठीनंही ‘नसत्या तर’च म्हटलंय बघा. त्या काही जाणार नाहीत हे तिला पक्कं माहीत आहे. कुठे दार लावायचं आणि कुठे किलकिलं ठेवायचं, ते मराठी बोलणाऱ्यावर सोडते. ही समज घेऊन मूल इंग्रजीत गेलं तर दार लावणं सोपं जातं. आधीच कुलूप हातात दिलं तर ते दार कोणतं हेच शोधत बसतं.

नाना : पण लावायचं ते ‘वेअर’नंच. ‘इफ आय वेअर’, ‘आय विश आय वेअर’. जुन्या इंग्रजीचं तेवढं एकच शहाणपण शिल्लक राहिलंय, त्याला हात लावायचा नाही.

सून : नाना, लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत लोक ‘आय विश आय वॉज’ म्हणतात. आता व्याकरणाची पुस्तकंही बोलण्यात ते चालवून घेतात.

नाना : घेऊ देत. माझ्या माडीवर नाही.

सून : मग मुलांनी परीक्षेत काय लिहायचं?

नाना : ‘वेअर’.

सून : आणि बोलताना?

नाना : बोलताना मी कुठे असतो ऐकायला!